कोरड्या वैरणीवरील बैलांना पूरक खुराक : निवड व चारण्याची पद्धत

फाल्गुन संपता संपता महाराष्ट्रातील बहुतेक गोठ्यांत हिरवी वैरण संपलेली असते. पठारावर ज्वारीचा कडबा, कोकणात व मावळात भाताचा पेंढा, विदर्भात तुरीचे व सोयाबीनचे कुटार, आणि घाटमाथ्यावरील डांगी जनावरांच्या पट्ट्यात कापून रचून ठेवलेले डोंगरी गवत, एवढ्यावरच बैलांना पुढील तीन-साडेतीन महिने काढावयाचे असतात. गंजी मोठी असली म्हणजे शेतकरी निश्चिंत असतो. बैलाची गव्हाण रिकामी राहत नाही, पोटही भरलेले दिसते. तरीसुद्धा वैशाखात त्याच्या फासळ्या मोजता येऊ लागतात आणि मृगाच्या तोंडावर, नेमक्या पेरणीच्या वेळी, तो जुवाखाली मान टाकतो. बैल थकला म्हणून पेरणी चार दिवस लांबली तर त्याचे नुकसान सबंध हंगामभर भोगावे लागते. अशा वेळी ट्रॅक्टर भाड्याने घ्यावा लागतो, किंवा उतरलेला बैल पडेल त्या किमतीला विकून दुसरा चढ्या किमतीला आणावा लागतो. ह्या दोन्ही खर्चांच्या तुलनेत वेळेवर दिलेला थोडा खुराक पुष्कळच स्वस्त पडतो. मात्र तो कोणता, किती व कसा द्यावयाचा हे समजून न घेता दिला, तर पैसाही जातो आणि बैलही उतरतो.

पोट भरूनही बैल का वाळतो

बैलाच्या पोटाचा पहिला व सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. मोठ्या बैलाच्या कोठीपोटात शंभर लिटरांहून अधिक माल मावतो. कडब्याचा किंवा पेंढ्याचा कठीण भाग बैल स्वतः पचवीत नाही; कोठीपोटात वाढणारे असंख्य सूक्ष्म जीव तो कुजवून, आंबवून बैलाला उपयोगी पडेल अशा स्वरूपात आणतात. दुधाचे दही होण्यास जसे जिवंत विरजण लागते, तसेच हे आहे. हे विरजण सशक्त असेल तर कडबा लवकर पचतो, कोठीपोट लवकर रिकामे होते आणि बैल पुन्हा गव्हाणीकडे वळतो. विरजण अशक्त झाले तर तोच कडबा पोटात तसाच पडून राहतो. पोट भरलेले वाटते, म्हणून बैल खाणे कमी करतो, आणि जे खातो त्याचाही पुरता उपयोग होत नाही.

ह्या सूक्ष्म जीवांना वाढण्यासाठी नत्र लागते व ते त्यांना मुख्यतः वैरणीतील प्रथिनांपासून मिळते. एकूण खाद्यात प्रथिनांचे प्रमाण सुमारे ७ टक्क्यांच्या खाली गेले की त्यांची वाढ खुंटते. ज्वारीच्या कडब्यात, भाताच्या पेंढ्यात, गव्हाच्या काडात किंवा बी गळून गेल्यावर कापलेल्या डोंगरी गवतात प्रथिने ३ ते ४ टक्केच असतात. म्हणजे गंजी कितीही मोठी असली तरी तिच्यात जे मुळात अर्धेच आहे ते गंजी वाढवून भरून निघत नाही. पूरक खुराकाचे पहिले काम बैलाला थेट पोसण्याचे नसून, त्याने खाल्लेला कडबा पचविणाऱ्या जीवांना पोसण्याचे आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढील सर्व नियम आपोआप उलगडतात.

प्रथिने कमी पडत आहेत किंवा काय, हे ओळखण्याची सोपी खूण शेणात सापडते. खुराक योग्य असलेल्या बैलाचे शेण मऊ, पसरट पडते. प्रथिने कमी पडू लागली की शेण कोरडे, घट्ट, एकावर एक थर रचल्यासारखे पडते व त्यात न पचलेल्या काड्या स्पष्ट दिसतात. गोवऱ्या थापणाऱ्या घरच्या बायकांच्या हाताला हा फरक पुरुषांच्या आधी जाणवतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गोठ्याची पाहणी करताना त्यांनाही विचारावे. फासळ्या दिसू लागण्याची वाट पाहू नये. बैल एकदा उतरला म्हणजे त्याला पूर्ववत् करण्यास जो खर्च येतो, तो त्याला टिकवून धरण्याच्या खर्चाच्या कितीतरी पट असतो.

पोट भरणारा खुराक आणि पचविणारा खुराक

खुराक म्हणून जे जे दिले जाते त्याचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग प्रथिनांचा. भुईमुगाच्या पेंडीत ४० ते ४५ टक्के प्रथिने असतात. सोयाबीनच्या तेलविरहित पेंडीत, जिला बाजारात डीओसी म्हणतात, सुमारे ४५ टक्के. टरफलासकट काढलेल्या सरकीच्या पेंडीत २० ते २४ टक्के. अख्ख्या सरकीत १८ ते २० टक्के. बाजारात मिळणाऱ्या गोळी पेंडीत सामान्यतः २० ते २२ टक्के प्रथिने असल्याचे पोत्यावर छापलेले असते. दुसरा वर्ग शक्ती देणाऱ्या पिष्टमय पदार्थांचा : मका, ज्वारी-बाजरीचा भरडा, तांदळाची कणी, शिळे अन्न. ह्यांत प्रथिने ८ ते १० टक्क्यांच्या आसपास असतात. गव्हाचा कोंडा व तुरीची चुणी ह्या दोहोंच्या मध्ये बसतात.

घरात मका किंवा ज्वारी असते आणि पेंड विकत आणावी लागते, म्हणून पुष्कळ शेतकरी कोरड्या कडब्यावरील बैलाला नुसता भरडाच घालतात. हेतू चांगला असतो, परिणाम उलट होतो. कोठीपोटात पिष्ट पचविणारे जीव काड्या पचविणाऱ्या जीवांपेक्षा झपाट्याने वाढतात आणि जे थोडे नत्र असते ते आधी तेच उचलतात. त्यामुळे कडब्याचे पचन आणखी मंदावते व बैल कडबा कमी खातो. दोन किलो भरडा घालून दोन किलो कडबा सुटला, तर महागड्या वस्तूने स्वस्त वस्तू बदलली, एवढेच घडले. आधी प्रथिनांची तूट भरावी आणि मग, नांगरणी-वखरणीचे जड काम सुरू झाल्यावर, एक ते दीड किलो भरडा त्यात जोडावा, हा क्रम योग्य होय.

ह्याच संदर्भात लग्नसराईचा उल्लेख करणे अवश्य आहे. चैत्र-वैशाखात गावोगाव पंगती उठतात आणि उरलेला भात, पोळ्या, बुंदी टोपल्या भरभरून बैलापुढे ओतली जाते. अन्न वाया जाऊ नये ही भावना समजण्यासारखी आहे. परंतु कोरड्या वैरणीची सवय असलेल्या जनावराच्या पोटात एकदम आठ-दहा किलो शिजलेले पिष्ट गेले, म्हणजे काही तासांतच कोठीपोटात आम्लाचे प्रमाण वाढते व सूक्ष्म जीव मरू लागतात. बैल रवंथ थांबवितो, सुस्त होतो, पोट पाण्याने भरल्यासारखे डुचमळते, आंबट वासाचे पातळ शेण पडते, आणि वेळेवर उपचार न झाल्यास एक-दोन दिवसांत तो दगावतो. वाचला तरी खुरांचा दाह होऊन महिनोन्महिने लंगडण्याचा संभव असतो. दावे सोडवून धान्याच्या राशीवर गेलेल्या बैलाचीही हीच गत होते. अशा बैलाला तहान लागली म्हणून भरमसाट पाणी न पाजता व घरगुती काढ्यांत वेळ न दवडता पशुवैद्यकास ताबडतोब बोलावावे. शिळे अन्न द्यावयाचेच असेल तर ते सवय असलेल्या जनावराला दिवसाकाठी किलोभराच्या आत, आंबलेले नसताना व कडब्यानंतर द्यावे.

प्रथिनांचा हिशेब

पेंड घेताना पोत्याचा भाव पाहून भागत नाही. त्या पोत्यातून एक किलो प्रथिने किती रुपयांना पडतात ते पाहावयास हवे. रीत सोपी आहे : किलोचा भाव घ्यावा, त्यास १०० ने गुणावे व प्रथिनांच्या टक्क्यांनी भागावे. समजा, सरकी पेंड ३० रुपये किलो आहे व तिच्यात २२ टक्के प्रथिने आहेत. तर एक किलो प्रथिने सुमारे १३६ रुपयांना पडली. गोळी पेंड २८ रुपयांना व २० टक्क्यांची असेल तर १४० रुपये. सोयाबीनची पेंड ४५ रुपयांना असली तरी ४५ टक्क्यांची असल्यामुळे १०० रुपयेच पडतात. पोत्याच्या भावाने जी सर्वांत महाग दिसते तीच ह्या हिशेबात सर्वांत स्वस्त ठरली. हे भाव केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येक गावच्या बाजारात ते निराळे असणार व दर महिन्याला बदलणार, म्हणून हिशेब दरवेळी नव्याने करावा.

आता किती द्यावयाचे ते पाहू. प्रथम बैलाचे वजन काढावे. काटा नसला तरी टेपने काम भागते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचांत मोजावा. खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या बसण्याच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत मोजावी. घेराला घेराने गुणून त्यास लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे, म्हणजे अजमासे वजन किलोत येते. घेर ७० इंच व लांबी ५६ इंच असलेला बैल सुमारे ४१५ किलोंचा भरतो.

एवढ्या वजनाचा बैल दिवसाला सुमारे ८ किलो कडबा खातो असे धरले, तर ३.५ टक्क्यांच्या हिशेबाने त्याला २८० ग्रॅम प्रथिने मिळतात. सात टक्क्यांची मर्यादा गाठण्यास ५६० ग्रॅम हवीत. म्हणजे तूट २८० ग्रॅमची आहे. ती भरून काढण्यास सोयाबीनची पेंड सव्वासहाशे ग्रॅम, सरकी पेंड सव्वा किलोच्या आसपास, किंवा २० टक्क्यांची गोळी पेंड १ किलो ४०० ग्रॅम पुरते. वरील भावांनी रोजचा खर्च अनुक्रमे २८, ३८ व ३९ रुपये येतो. एका बैलजोडीस फाल्गुनापासून मृगापर्यंत शंभर दिवस धरले, तर पहिल्या दोहोंतील फरकच दोन हजार रुपयांचा होतो. अर्थात सरकी पेंड अधिक वजनाने दिली जात असल्यामुळे तिच्यातून शक्तीही अधिक मिळते, म्हणून हा सगळाच फरक निव्वळ नफा समजू नये. तरीही बैल कामाविना उभा असण्याच्या काळात प्रथिने जिथे स्वस्त मिळतील तिथे घेणे हाच शहाणपणा ठरतो.

विकत घेण्यापूर्वी घरचे काय आहे तेही पाहावे. भुईमुगाच्या वाळलेल्या पाल्यात सुमारे १० टक्के प्रथिने असतात. तो शेतात कुजू देणे किंवा स्वस्तात विकणे, आणि मग पेंड उधारीवर आणणे हा उलटा व्यवहार आहे. विहिरीला थोडे पाणी असेल तर चार-पाच गुंठे लसूणघास पुष्कळ काम करतो. चार किलो हिरव्या लसूणघासातून सुमारे दीडशे ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे वरील तुटीचा निम्म्याहून अधिक भाग भरला जातो.

दुष्काळी भागांत उसाच्या वाढ्यांवर जनावरे जगविण्याची वेळ वारंवार येते. २०१२-१३ व २०१८-१९ च्या टंचाईत छावण्यांतून हेच दृश्य होते. वाढे हिरवे असते म्हणून त्यास चांगल्या हिरव्या चाऱ्याचा मान दिला जातो. वस्तुतः त्यात प्रथिने कमीच असतात व शिवाय त्यातील ऑक्झॅलेट शरीरातील चुना बांधून ठेवते. त्यावरील जनावरांना पेंड तर हवीच, पण चुन्याची निवळी शिंपडून कुट्टी देणे व खनिज मिश्रण देणे हेही अवश्य आहे.

गोळी पेंड निवडताना

निरनिराळी पेंड, कोंडा, चुणी, मळी व खनिजे दळून, वाफ देऊन, दाबून गोळी तयार करतात. तिचे फायदे खरे आहेत. जनावराला चांगले तेवढे निवडून बाकीचे टाकता येत नाही, पीठ वाऱ्याने उडत नाही, आणि मोजून देणे सोपे जाते. अमेरिकेच्या पश्चिमेकडील गवताळ कुरणांवर मांसासाठी पाळलेल्या गाईंच्या कळपांना हिवाळ्यात सुक्या गवतावर हीच प्रथिनांची तूट भासते. तेथे अंगठ्याएवढ्या जाड कांड्या करून त्या जमिनीवरच टाकतात. कांडी मोठी असल्यामुळे ती गवतात व मातीत हरवत नाही. आपल्याकडे गव्हाण असते, म्हणून बारीक गोळी चालते. डोंगरात चरावयास गेलेल्या जनावरांना रानातच खुराक देण्याचा प्रसंग आल्यास मात्र जाड कांडीच घ्यावी.

गोळीचा दोष असा की तिच्यात काय घातले आहे ते डोळ्यांनी दिसत नाही. भुईमुगाची पेंड हातात घेतली की टरफल किती, खडा किती, वास कसा हे जाणत्या माणसाला कळते. गोळीच्या बाबतीत पोत्यावरील मजकुरावरच विसंबावे लागते. यास्तव तो मजकूर वाचल्याशिवाय पोते उचलू नये. प्रथिनांचे किमान प्रमाण, तंतूंचे कमाल प्रमाण, वाळू-मातीचे प्रमाण, युरिया आहे की नाही आणि तयार केल्याची तारीख ह्या पाच गोष्टी पाहाव्यात. जनावरांच्या मिश्र खाद्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे २०५२ क्रमांकाचे मानक आहे. पोत्यावर मानकचिन्ह असल्यास ते ह्याच क्रमांकाचे आहे ना, हेही पाहावे. तंतूंचे प्रमाण फार असेल तर भुश्श्याचे पैसे पेंडीच्या भावाने दिले असे समजावे. कडबा घरात असताना गोळीतून पुन्हा भुसाच विकत आणण्यात अर्थ नाही.

मूठभर गोळ्या काचेच्या पेल्यात पाणी घालून भिजत ठेवाव्यात व विरघळल्यावर ढवळून स्थिर होऊ द्याव्यात. तळाशी वाळूचा स्पष्ट थर बसला तर ते पोते परत करावे. पोत्याच्या तळाशी भुगा फार असणे, गोळीवर पांढरी-हिरवी बुरशी असणे, कुबट वास येणे, किंवा गोळी दातांनी फुटू नये इतकी कठीण असणे, ही सर्व नाकारण्याची कारणे होत.

युरियाची परीक्षाही गावात करता येते. थोड्या गोळ्यांची पूड करून तिच्यात चमचाभर कच्च्या सोयाबीनचे पीठ व कोमट पाणी मिसळावे, बाटलीत भरून बूच लावावे आणि अर्ध्या तासाने उघडून वास घ्यावा. नवसागरासारखा झोंबणारा वास आल्यास तिच्यात युरिया आहे असे समजण्यास हरकत नाही. कच्च्या सोयाबीनमधील एका द्रव्याने युरिया फुटून अमोनिया सुटतो. ह्याच कारणास्तव युरिया असलेल्या खाद्याबरोबर कच्चे सोयाबीन जनावरांना कधीही देऊ नये.

युरियासंबंधी थोडे अधिक

युरियात ४६ टक्के नत्र असते व कोठीपोटातील जीव ते वापरू शकतात. हिशेबापुरते बोलावयाचे तर एक किलो युरिया २.८७ किलो प्रथिनांच्या बरोबरीचा ठरतो. म्हणूनच गोळी पेंडीत तो घालून पोत्यावर प्रथिनांचा आकडा फुगविता येतो. मोठ्या जनावराला थोड्या प्रमाणात, पिष्ट किंवा मळीबरोबर व रोजच्या सवयीने दिलेला युरिया अपायकारक नाही. परंतु तो एकूण कोरड्या खाद्याच्या १ टक्क्याच्या वर जाऊ नये. सहा महिन्यांखालील वासरांना तो मुळीच देऊ नये, आणि उपाशी जनावराला युरियायुक्त खाद्य भरपूर घालणे म्हणजे संकट ओढवून घेणे होय. अर्ध्या-एका तासात जनावर थरथरू लागते, तोंडाला फेस येतो, पोट फुगते, झोकांड्या जातात. पशुवैद्यक येईपर्यंत, जनावर शुद्धीवर असून नीट गिळत असेल तरच, लिटर-दोन लिटर व्हिनेगर भरपूर थंड पाण्यात मिसळून सावकाश पाजावे.

गोठ्यातील विषबाधेची कित्येक प्रकरणे खाद्यातील युरियामुळे नव्हे, तर खताच्या पोत्यातील युरियामुळे होतात. पांढरे दाणे पाहून मुलांनी मिठाऐवजी युरिया घातला, खताच्या रिकाम्या पोत्यात पेंड भरली, युरिया विरघळविलेले पिंप उघडे राहिले व बैल प्याला, अशा स्वरूपाचे हे अपघात असतात. खत, कीटकनाशके व खुराक एकाच खोलीत ठेवण्याची चाल बंद व्हावयास हवी. एरंडीची पेंड खत म्हणून आणतात. ती जनावरांना विषारी आहे व दिसण्यात खाण्याच्या पेंडीपासून फारशी वेगळी नाही. तिचे पोते निराळ्या जागीच असावे.

युरियाचा सर्वांत निर्धोक उपयोग कडबा-पेंढा मुरविण्यासाठी होतो. शंभर किलो कुट्टी किंवा पेंढ्यास ४ किलो युरिया ४० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरावर सारखा शिंपडावा, दाबावे व प्लास्टिकने हवाबंद झाकून तीन आठवडे ठेवावे. उघडल्यावर तासभर वारा लागू द्यावा म्हणजे उग्र वास कमी होतो. अशा पेंढ्यातील प्रथिने जवळजवळ दुप्पट होतात व काडी मऊ पडते. भातपट्ट्यातील शेतकऱ्यांनी पेंडीवर खर्च करण्यापूर्वी ह्या उपायाचा विचार करावा.

बुरशी

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अल्पावधीत मेले. शोध घेता कारण आयात केलेल्या बुरशीयुक्त भुईमुगाच्या पेंडीत सापडले, आणि अफ्लाटॉक्सिन ह्या विषाचे नाव तेव्हापासून सर्वत्र झाले. हे विष यकृतावर आघात करते. बैल एकदम मरत नाही. खाणे कमी होते, अंगाची तुकतुकी जाते, काम होत नाही, आणि मालकाला कारण उमगत नाही. दुभत्या जनावराच्या दुधातूनही त्याचा अंश माणसाच्या पोटात जातो. बुरशी लागलेली पेंड उन्हात वाळविली, झटकली किंवा शिजविली तरी विष नाहीसे होत नाही. ती स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये आणि घरची खराब झाली तर खड्ड्यात पुरावी. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतरावर रचावीत.

चारण्याची पद्धत

नवा खुराक पावशेरापासून सुरू करून दहा ते चौदा दिवसांत पूर्ण मापावर न्यावा. कोठीपोटातील जीवांना नव्या खाद्यास सरावण्यास एवढा अवधी लागतोच. जोडीतील जबर बैल दुसऱ्याचे खातो, म्हणून खुराकाच्या वेळी दोघांच्या गव्हाणी निराळ्या असाव्यात. डोळ्यांच्या अंदाजाने न घालता एकच डबा मापासाठी ठरवून तो एकदा काट्यावर तोलून घ्यावा. अर्धी वैरण खाऊन झाल्यावर खुराक द्यावा व उरलेली वैरण नंतर घालावी. कडब्याची कुट्टी करून दिल्यास नासाडी पुष्कळ वाचते.

कडक पेंड दोन-तीन तास भिजवून आंबोण करण्याची रीत चांगली आहे. परंतु उन्हाळ्यात रात्रभर भिजवून सकाळी दिलेले आंबोण आंबलेले असते. गोळी पेंड भिजविण्याची गरज नाही. अख्खी सरकी एका बैलास दिवसाला किलोभराच्या वर देऊ नये, कारण तिच्यातील तेल अधिक झाले की तेच कडब्याच्या पचनास अडथळा करते. लहान वासरांना सरकी व सरकी पेंड देऊ नये. तिच्यातील गॉसिपॉल हे द्रव्य मोठ्या जनावराच्या कोठीपोटात बरेचसे निकामी होते, वासरांच्या पोटात होत नाही.

रोज खुराक देणे शक्य नसेल तर, बैल कामावर नसताना, युरिया नसलेली प्रथिनयुक्त पेंड एक दिवसाआड दुप्पट मापाने दिली तरी परिणाम जवळजवळ तोच मिळतो. रक्तातून व लाळेतून नत्र पुन्हा कोठीपोटात येत राहते, त्यामुळे मधला दिवस निभावतो. मक्याच्या भरड्यास किंवा युरियायुक्त गोळीस ही सवलत मुळीच लागू नाही. ती रोजच्या रोज व मापातच द्यावीत.

मीठ रोज २५ ते ३० ग्रॅम व खनिज मिश्रण सुमारे ५० ग्रॅम खुराकातून द्यावे. उन्हाळ्यात मोठ्या बैलास दिवसाला ४० ते ६० लिटर पाणी लागते. टँकरच्या गावात पाण्याची काटकसर बैलाच्या वाट्यातून केली जाते आणि मग खुराक असूनही बैल खात नाही, कारण पाण्यावाचून कोरडी वैरण पोटात पुढे सरकतच नाही. गाभण कालवडी व गाई ह्यांना शेवटच्या दोन-तीन महिन्यांत बैलांपेक्षा अधिक खुराकाची गरज असते. एकाच मापाने सर्व दावण चारू नये.

पहिल्या पावसानंतर बांधावर हिरवे दिसू लागले की खुराक एकदम बंद केला जातो. ते कोवळे गवत प्रथिनांनी चांगले असले तरी त्यात पाणीच फार असते व त्या दिवसांत पेरणी-कोळपणीचे कामही जड असते. म्हणून कडबा व खुराक आणखी दोन-तीन आठवडे चालू ठेवून हळूहळू कमी करावा. शंभर दिवसांच्या हिशेबाने एका जोडीस सरकी पेंडीची ५० किलोंची पाच पोती लागतात. तीही एकदम न आणता दोन वेळा आणावीत, आणि आषाढाच्या दमट हवेत पोते शिल्लक राहणार नाही अशा बेताने दुसरी खरेदी करावी.